गणितमहर्षी लेओनार्ड ऑयलर

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. संतमहात्मे, समाजसुधारक, देशभक्त यांची चरित्रे ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी या पृष्ठांतून आवडीने वाचली आहेत. यंदा हे काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा मी एका गणितज्ञाचे नाव सुचविले. मंडळींना थोडे नवल वाटले. तथापि ज्याच्या नावाचे सिद्धांत अंकगणितात आहेत, भूमितीत आहेत, बीजगणितात व कलनशास्त्रात आहेत, यंत्रशास्त्रात व ज्योतिषातही आहेत, असा हा पुरुष आहे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्याचे नाव पानोपानी भेटते. परंतु तो कोण होता, कसा जगला, याची वार्ता पाठ्यपुस्तकात नसते. ती उणीव यथामती भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्याचा अधिकार बेताचाच आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जन्म व बालपण

लेओनार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. वडील पाउल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. लेओनार्डच्या जन्मानंतर लवकरच हे कुटुंब जवळच्या रीहेन गावी राहावयास गेले. घरची स्थिती साधारण होती. पण वडिलांनी तरुणपणी याकोब बेर्नुली या विख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकलेली असल्यामुळे घरात गणिताला अगदीच मज्जाव नव्हता. मुलाला प्रारंभीचे धडे त्यांनीच दिले. पुढे आजीकडे राहून लेओनार्ड बाझेलच्या शाळेत जाऊ लागला. त्या शाळेत गणित शिकवीतच नसत. ज्या मुलाने पुढे अवघे गणित व्यापून टाकले, त्याच्या शाळेत तो विषय नसावा, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

तेराव्या वर्षी तो बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोबचे धाकटे बंधू योहान बेर्नुली गणिताचे प्राध्यापक होते. स्वतंत्र शिकवणी देण्याइतका अवकाश त्यांना नव्हता. त्यांनी मुलाला कठीण ग्रंथ स्वतःच वाचावयास सांगितले आणि जेथे अडेल तेवढे शनिवारी दुपारी घरी येऊन विचारण्याची मुभा दिली. आठवडाभर मुलगा झटे, ती अशासाठी की शनिवारी गुरूंस विचारावयाच्या शंका शक्य तितक्या थोड्या उराव्यात. अडेल तेथे स्वतः झगडावयाचे आणि मगच गुरूकडे जावयाचे, ही रीत आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही मनात धरण्याजोगी आहे.

पित्याची इच्छा आणि गुरूचा शब्द

१७२३ साली त्याने पदवी मिळविली. वडिलांची इच्छा अशी की मुलाने आपल्यामागे धर्मोपदेशकाचाच व्यवसाय करावा. ती गैर होती असे नव्हे. पित्याचे कर्म पुत्राने पुढे चालवावे, त्यात प्रतिष्ठा व निर्वाहाची निश्चिती असावी, असे कोणत्या बापाला वाटत नाही? मुलगाही आज्ञाधारक होता. त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. पण मन गणितात गुंतले होते.

अशा वेळी योहान बेर्नुली यांनी मध्यस्थी केली. हा मुलगा थोर गणितज्ञ होण्यासाठी जन्मास आला आहे, हे त्यांनी पित्यास पटवून दिले. पाउल ऑयलर यांनी स्वतःची इच्छा बाजूस सारली व मुलाला मोकळीक दिली. ऑयलरच्या चरित्रातील हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. येथे थोरवी तीन जणांची आहे: झटणाऱ्या शिष्याची, शिष्याच्या घरी शब्द टाकणाऱ्या गुरूची आणि तो शब्द ऐकणाऱ्या बापाची. यांपैकी एकही कमी पडता तर पुढचे चरित्र घडले नसते. ऑयलरने वडिलांच्या धर्माचीही प्रतारणा केली नाही. तो आयुष्यभर श्रद्धाळू राहिला.

सेंट पीटर्सबर्ग

बाझेलच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा ऑयलरने अर्ज केला. परंतु ती त्यास मिळाली नाही. रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग येथे, नवी विज्ञान अकादमी स्थापन झाली होती. योहान बेर्नुली यांचे पुत्र दानिएल तेथे होते. त्यांच्या शिफारशीवरून ऑयलरला बोलावणे आले, तेही शरीरशास्त्राच्या जागेवर! तेवढ्यासाठी त्याने त्या विषयाचा अभ्यासही केला. १७२७ च्या वसंत ऋतूत वीस वर्षांचा हा तरुण जन्मभूमी सोडून निघाला, तो तेथे पुन्हा राहावयास म्हणून कधी परतला नाही. पीटर्सबर्गला पोहोचल्यावर त्याला गणिताच्या विभागात घेण्यात आले. १७३३ मध्ये दानिएल मायदेशी परतला तेव्हा गणिताचे मुख्य पद ऑयलरकडे आले.

१७३४ च्या जानेवारीत त्याने काटारीना ग्झेल या चित्रकाराच्या कन्येशी विवाह केला. या दांपत्यास तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच बालपण ओलांडू शकली. आठ लेकरे डोळ्यांदेखत गेली, हे दुःख केवढे असेल! तरीही घर मुलांनी गजबजलेले असे. मांडीवर मूल आहे, पायांशी इतर खेळत आहेत आणि ऑयलर गणित लिहीत आहे, असे त्याचे वर्णन केले जाते.

१७३५ साली त्याने एक असा प्रश्न सोडविला की त्याचे नाव युरोपभर झाले. एक, अधिक एक चतुर्थांश, अधिक एक नवमांश, अधिक एक सोळांश, अशी वर्गसंख्यांच्या व्यस्तांची अनंत श्रेढी घेतली तर बेरीज किती? हा प्रश्न १६५० मध्ये इटलीतील मेंगोली याने मांडला होता. याकोब व योहान या दोघा बेर्नुली बंधूंसही तो सुटला नव्हता. ऑयलरने दाखविले की बेरीज पाय या संख्येच्या वर्गाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे १.६४४९ येते. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर, ते या साध्या अपूर्णांकांच्या बेरजेत यावे, याचे सर्वांस आश्चर्य वाटले. हे पाहावयास याकोब हयात नाहीत, याची वृद्ध योहानना हळहळ वाटली.

सात पुलांची कथा

याच सुमारास आणखी एक कोडे त्याच्यापुढे आले. प्रशियातील केनिग्झबर्ग हे नगर प्रेगेल नदीच्या काठी वसलेले होते. नदीमुळे त्याचे चार भाग पडले होते व ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच, आणि एकदाच, ओलांडून साऱ्या नगरात फिरता येईल काय, असा तेथील लोकांचा गमतीचा प्रश्न असे.

ऑयलरने विचार केला तो असा. वाटेतल्या कोणत्याही भागात आपण एका पुलाने शिरतो व दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणजे तेथले पूल जोडीजोडीने खर्ची पडतात. जेथे पुलांची संख्या विषम आहे, तो भाग फेरीच्या आरंभी तरी असला पाहिजे किंवा शेवटी तरी. तेव्हा असे विषम भाग दोहोंपेक्षा अधिक असून चालणार नाहीत. केनिग्झबर्गात एका भागास पाच व उरलेल्या तिहींस तीन तीन पूल होते, चारही विषम! म्हणून अशी फेरी अशक्य होय. लांबी नाही, कोन नाही, क्षेत्रफळ नाही, केवळ कोण कोणास जोडलेले आहे एवढ्याच विचाराने उत्तर निघाले. जाळ्यांच्या गणिताची एक नवी शाखा या लहानशा कोड्यातून पुढे निर्माण झाली.

बर्लिन येथील पंचवीस वर्षे

पीटर्सबर्ग येथे असताना तापाच्या मोठ्या दुखण्यातून तो उठला, आणि १७३८ साली त्याचा उजवा डोळा निकामी झाला. १७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याच्या आमंत्रणावरून तो बर्लिनला गेला व तेथे पंचवीस वर्षे राहिला. शेकडो निबंध त्याने या काळात लिहिले. त्याचा १७४८ सालचा अनंत राशींवरील ग्रंथ कलनशास्त्राच्या अभ्यासाचा पाया ठरला.

आज आपली मुले जी चिन्हे वापरतात, त्यांतील कित्येक ऑयलरने दिलेली आहेत. फलन दाखविण्याची एफ व कंसाची खूण त्याची. बेरजेसाठी सिग्मा हे ग्रीक अक्षर त्याचे. नैसर्गिक लघुगणकाच्या आधारसंख्येस, जी सुमारे २.७१८२८ आहे, ई हे अक्षर त्याने दिले. उणे एकच्या वर्गमुळास आय हे अक्षर त्याने योजिले. पाय हे चिन्ह त्याच्या आधी एका वेल्श लेखकाने १७०६ मध्ये वापरले होते; परंतु ते रूढ झाले ऑयलरमुळे.

भूमितीतही त्याचे नाव आहे. कोणताही त्रिकोण घ्यावा. त्याच्या शिरोलंबांचा संपातबिंदू, मध्यगांचा संपातबिंदू आणि परिकेंद्र हे तीन बिंदू नेहमी एका सरळ रेषेत येतात व मध्यगासंपात उरलेल्या दोहोंमधील अंतर दोनास एक या प्रमाणात विभागतो. युक्लिडनंतर दोन हजार वर्षे लोक त्रिकोण काढीत आले, पण ही रेषा दाखविली ऑयलरने. तिला ऑयलर रेषा म्हणतात. पट्टी व कंपास घेऊन घरच्या मुलांनी ती अवश्य काढून पाहावी.

घन आकृतींविषयीचा त्याचा सिद्धांत तर लहान मुलासही पडताळता येईल. मिठाईचे चौकोनी खोके घ्या. त्याचे कोपरे ८, कडा १२, पृष्ठे ६. कोपऱ्यांतून कडा वजा करा व पृष्ठे मिळवा. उत्तर २ येते. चौकोनी तळाच्या पिरॅमिडचे कोपरे ५, कडा ८, पृष्ठे ५. उत्तर पुन्हा २. सपाट पृष्ठांच्या, खाचा किंवा भोके नसलेल्या कोणत्याही घनाकृतीस हे लागू पडते. १७५० मध्ये त्याने हे एका पत्रात कळविले. त्याची सिद्धता पूर्णपणे निर्दोष नव्हती; ती पुढे इतरांनी पक्की केली.

संख्यांच्या गुणधर्मांचे त्याला वेड होते. दहाशी एकाहून मोठा साधारण विभाजक नसलेली कोणतीही संख्या घेऊन तिचा चौथा घात केला तर एकंस्थानी १ च येतो: ३ चा ८१, ७ चा २४०१, ९ चा ६५६१. यामागे ऑयलरचाच एक व्यापक सिद्धांत आहे. फेर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाची अशी समजूत होती की दोनच्या बत्तिसाव्या घातात एक मिळविला असता येणारी ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ संख्या आहे. ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखविले. दुसरा अवयव ६७००४१७.

असे सारे असूनही बर्लिनच्या दरबारी त्याची कदर व्हावी तशी झाली नाही. राजास चतुर संभाषण व काव्यशास्त्रविनोद आवडे. ऑयलर साधा, सरळ व देवभोळा. त्याच्या एकाक्षत्वावरून राजाने थट्टाही केली. पण राजाच्या नात्यातील एका राजकन्येस विज्ञान समजावे म्हणून त्याने सोप्या भाषेत दोनशेंवर पत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली व अनेक भाषांत वाचली गेली. मोठा विद्वान साध्या भाषेत लिहू शकतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

त्याच्या मनाचा मोठेपणा दाखविणारी एक हकिकत येथे सांगितली पाहिजे. १७५५ साली इटलीतील तुरीन नगरातून लाग्रांझ नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्याला पत्र पाठविले. ज्या विषयावर ऑयलर स्वतः अनेक वर्षे खपत होता, त्यात त्या मुलाने अधिक सुटसुटीत पद्धती शोधली होती. ऑयलरने ती मनापासून वाखाणली आणि श्रेय त्या तरुणास मिळावे म्हणून आपले लेखन मागे ठेविले. आज ते समीकरण दोघांच्या नावाने ओळखले जाते.

अंधत्व

१७६६ मध्ये सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या आमंत्रणावरून तो पीटर्सबर्गला परतला. वय एकोणसाठ. लवकरच उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दृष्टी आली, आणि विकार होऊन ती कायमची गेली. त्याच वर्षी नगरात मोठी आग लागली. ऑयलरचे घर पेटले. आंधळा वृद्ध आत अडकला असता बाझेलचाच एक कारागीर, पेटर ग्रिम, जिवाची पर्वा न करता आत शिरला व त्याने ऑयलरला पाठीवर घेऊन बाहेर आणले. घर गेले, हस्तलिखिते बहुतेक वाचली. दोनच वर्षांनी, १७७३ मध्ये, पत्नी निवर्तली. १७७६ मध्ये त्याने तिच्या सावत्र बहिणीशी विवाह केला.

दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. ऑयलरचे काम वाढले! त्याच्या एकंदर लेखनाचा सुमारे अर्धा भाग १७६५ नंतरच्या या वर्षांतला आहे. तो मनात गणित करी आणि मुलगा योहान आल्ब्रेख्त व शिष्य ते लिहून घेत. व्हर्जिलचे महाकाव्य त्याला मुखोद्गत होते. असे सांगतात की, एका लांब श्रेढीची बेरीज करताना दोन शिष्यांच्या उत्तरांत पन्नासाव्या अंकाचा फरक पडला. ऑयलरने सारा हिशेब डोक्यात करून चूक कोणाची ते सांगितले. चंद्राच्या गतीवरील त्याचा प्रचंड ग्रंथ १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

बीजगणितावरील त्याचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्याने एका तरुण नोकरास तोंडी सांगून लिहविले. हा नोकर पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी करीत होता. त्याला गणिताचा गंधही नव्हता. मजकूर इतक्या पायरीपायरीने सांगितला होता की, लिहिता लिहिता तो स्वतः बीजगणितातील अवघड उदाहरणे सोडवू लागला, अशी आख्यायिका त्या ग्रंथाशी जोडलेली आहे. शिक्षकाच्या दृष्टीने यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

दोन चुका आणि आपला संबंध

थोरांच्या हातूनही चुका होतात. ऑयलरच्या दोन चुकांशी आपल्या देशाचा संबंध आहे, म्हणून त्या सांगतो.

एखाद्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून एक मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, अशा जातीच्या समीकरणास ऑयलरने पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव दिले. वस्तुतः पेलचा त्याच्या सोडवणुकीशी संबंध नव्हता. ६१ चे हेच उदाहरण आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने सोडविले होते. त्यातील लहान संख्या २२६१५३९८० इतकी मोठी आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथे आहे. ऑयलरला या कार्याची वार्ता नव्हती. आणि जगात ते नाव आजही चुकीचेच चालू आहे.

दुसरी चूक छत्तीस अधिकाऱ्यांच्या कोड्याची. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे प्रत्येकी एक असे छत्तीस अधिकारी चौरसात उभे करावयाचे, असे की प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे अशक्य दिसते, असे ऑयलरने म्हटले. ते खरे ठरले. पण १०, १४, १८, २२ अशा पुढच्या संख्यांसही ते अशक्य असावे, असा त्याचा तर्क १७८२ साली छापला गेला. पावणेदोनशे वर्षांवर तो तर्क उभा होता. १९५९ मध्ये तो खोटा ठरविला तो राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे व अमेरिकेचे पार्कर या तिघांनी. श्रीखंडे यांचे शिक्षण नागपूरला झाले व पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी गणित विभाग सांभाळला. १०२ वर्षांचे दीर्घायुष्य लाभून ते २०२० मध्ये निवर्तले. ऑयलरला चुकीचा ठरविणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

अखेर

१८ सप्टेंबर १७८३ हा दिवस नेहमीसारखाच उजाडला. ऑयलरने हवेत चढणाऱ्या विमानाच्या, म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समध्ये उडविलेल्या बलूनच्या, गतीचे गणित केले. दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी शिष्याशी चर्चा केली. दुपारनंतर चहा घेत नातवाशी खेळत असता मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला व त्याच रात्री त्याचे प्राणोत्क्रमण झाले. वय ७६. मागे इतके लेखन राहिले होते की पीटर्सबर्गच्या अकादमीस ते छापण्यास पुढे सुमारे पन्नास वर्षे लागली. त्याच्या समग्र ग्रंथावलीच्या प्रकाशनास स्वित्झर्लंडमध्ये १९११ मध्ये आरंभ झाला व तिचे ऐंशीच्या आसपास जाडजूड खंड निघाले.

शेवटचे दोन शब्द

चरित्र येथे संपले. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी ठेववत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अपूर्णांकांची उदाहरणे मी फळ्यावर लिहून पुरी करण्याच्या आत तो उत्तर सांगे. सातवीनंतर वडिलांनी त्याला पिढीजात दुकानात बसविले. त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावेत असे मला अनेकदा वाटले. पण बापाच्या इच्छेत मास्तराने का पडावे, असे मनाशी म्हणून मी गेलो नाही. तो मुलगा आज सुखात आहे. दुकान उत्तम चालविले आहे. मी सामान घ्यावयास गेलो की वीस जिनसांचा हिशेब तो कागदाला हात न लावता सांगतो, आदराने मला बसावयास खुर्ची देतो, आणि मला त्याच्या डोळ्यांस डोळा भिडविता येत नाही. योहान बेर्नुली जे करून गेले, ते माझ्याने झाले नाही.

आपल्या समाजात आता शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत, मुलींनाही शिक्षण मिळत आहे. अडचण राहिली आहे ती मनाची. प्रत्येक घरी ऑयलर जन्मास येईल असे नाही. पण ज्या घरी एखादे मूल निराळ्या वाटेकडे पाहत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाउल ऑयलर यांचे स्मरण करावे. आणि ज्ञातीतील जे शिक्षक असतील त्यांनी त्या घराची पायरी चढण्यास संकोच करू नये, एवढीच या वृद्ध शिक्षकाची सर्वांस विनंती आहे.